बर्गनची गाडी आणि बोरिवलीची गाडी

प्रश्न लहान होता आणि विचारणारीही लहानच होती; परंतु त्या प्रश्नानें आमची पस्तीस वर्षांची मास्तरकी एका क्षणांत उघडी पाडली. २०२४ सालच्या जून महिन्यांत आम्ही उभयतां नॉर्वे देशीं पुतण्याकडे गेलों होतों. ऑस्लो ही तेथील राजधानी देशाच्या आग्नेय भागांत, तर पुतण्याचें बिऱ्हाड पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन शहरीं. दोहोंमध्यें विमानें पुष्कळ आहेत. पण "काका, हा मुलूख विमानांतून पाहण्यासारखा नाहीं," असें म्हणून त्यानें आम्हांस ऑस्लोसच उतरवून घेतलें आणि सकाळच्या आगगाडींत बसविलें. कांहीं तासांनीं गाडी डोंगरांत शिरली. एक बोगदा संपतो न संपतो तोंच दुसरा, असें चाललें असतां समोर बसलेल्या त्याच्या दहा वर्षांच्या कन्येनें विचारिलें, "आजोबा, तुमच्या कोंकणच्या गाडीला किती बोगदे लागतात?"

"पुष्कळ," आम्ही म्हणालों.

"पुष्कळ म्हणजे किती?"

आम्ही निरुत्तर झालों. उत्तरपत्रिकेंत 'पुष्कळ' असें लिहून मोकळ्या होणाऱ्या मुलांचे गुण आम्ही जन्मभर कापीत आलों, आणि आज तेंच उत्तर आमच्या तोंडून बाहेर पडलें होतें. वीस वर्षें आम्ही त्या गाडीनें गांवीं जात-येत आहों. परंतु बोगदे किती, पूल किती, सर्वांत लांब बोगदा कोणता, तो कोणीं खोदला, यांपैकीं एकाही गोष्टीचा आम्हांस पत्ता नव्हता. उलट ती चिमुरडी आपल्या मार्गाची माहिती घडाघडा सांगत होती. प्रस्तुत लेखाचा उगम त्या दिवशींच्या लाजेंत आहे, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें.

आधीं त्या परक्या मार्गाविषयीं दोन शब्द. ऑस्लो ते बर्गन हें अंतर सुमारें पांचशें किलोमीटर असून गाडीस सात तासांच्या आसपास वेळ लागतो. बर्गनपासून व्हॉस या गांवापर्यंतचा रस्ता १८८३ सालीं झाला. परंतु पुढें हार्डांगरविड्डा नांवाचें उंच, उघडें बोडकें पठार आडवें पडलें होतें. तें ओलांडून रूळ नेण्याचा निर्णय तेथील लोकसभेनें १८९४ सालीं घेतला आणि २७ नोव्हेंबर १९०९ रोजीं राजे सातवे हाकोन यांच्या हस्तें संपूर्ण मार्ग खुला झाला. म्हणजे त्या कामास पंधरा वर्षें लागलीं. कारण उघड आहे. त्या पठारावर वर्षांतील बराच काळ बर्फ असतें, आणि उघड्यावरचें काम उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत उरकावें लागे. पांच किलोमीटरांहून लांब असा एक बोगदा तर कठीण खडकांतून जवळजवळ दहा वर्षें खोदला जात होता.

खिडकींतून जें दिसलें तें सांगूं लागल्यास हा लेख तेथेंच संपावयाचा. प्रथम तांबड्या रंगाचीं लाकडी घरें आणि हिरवीं शेतें. मग सूचिपर्णी वृक्षांचीं काळोखीं वनें आणि त्यांमधून चकाकणारीं तळीं. पुढें झाडें खुजीं होत होत अजिबात नाहींशीं झालीं, आणि फिन्से नांवाच्या स्टेशनावर गाडी उभी राहिली तेव्हां ऐन जून महिन्यांत सभोंवार बर्फाचे पट्टे आणि अर्धवट गोठलेलें तळें! फिन्सेची उंची १,२२२ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून कांहींशी कमीच. महाबळेश्वरीं त्या दिवसांत पावसाच्या धारा लागतात आणि येथें बर्फ कां, हें आमच्या सौभाग्यवतींनीं विचारिलें. फिन्से साठाव्या अक्षांशाच्याही किंचित् उत्तरेस आहे, असें आम्हीं सांगितलें, आणि निदान एक उत्तर बरोबर दिल्याचें समाधान मानून घेतलें.

पुढें मिरदाल स्टेशनापासून एक फाटा खालीं फ्लोम नांवाच्या खेड्यास जातो. दुसऱ्या एका दिवशीं आम्ही त्या फाट्यानें गेलों. अंतर अवघें वीस किलोमीटर. परंतु तेवढ्यांत गाडी साडेआठशें मीटरांहून अधिक उतरते आणि थेट समुद्राच्या पाण्याशीं जाऊन थांबते. आपल्या बोरघाटांत सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे. येथें तो अठरा फुटांस एक फूट असा आहे. वाटेंत वीस बोगदे असून त्यांपैकीं अठरा हातांनीं खोदलेले आहेत. मध्यें एका प्रचंड धबधब्यासमोर गाडी मुद्दाम उभी करितात; उतारू खालीं उतरतात, तुषारांत भिजतात, आणि पुन्हां गाडींत बसतात. आगगाडी केवळ पोहोंचविण्यासाठीं नसून पाहण्यासाठींही असते, ही कल्पना बोरिवलीच्या माणसास नवीनच. आमच्याकडे खिडकीची जागा पाहिजे असते ती वाऱ्यासाठीं; तिच्यांतून कोणी बाहेर पाहत असेल तर स्टेशन कोणतें आलें एवढेंच पाहतो.

परंतु त्या साऱ्या प्रवासांत आमच्या मनांत घर करून राहिली ती गोष्ट निराळीच. ज्या मजुरांनीं तो मार्ग बांधिला त्यांस तेथें 'रालर' असें म्हणतात. फिन्से येथें त्यांचें संग्रहालय आहे. सामान वाहून नेण्यासाठीं जो रस्ता बांधण्यांत आला, तो आजही 'रालरांची वाट' याच नांवानें ओळखला जातो आणि उन्हाळ्यांत हौशी लोक त्यावरून सायकली घेऊन जातात. आमच्या नातीस तिच्या शाळेनें तें संग्रहालय दाखविलें होतें. राजाचें नांव सांगतांना ती अडखळली; मजूर कसे राहत, काय खात, बर्फांत काम कसें करीत, हें मात्र तिनें न अडखळतां सांगितलें. मुलांस काय शिकवावें याचा तो एक वस्तुपाठच होता.

घरीं परत आल्यावर आम्हीं आमच्या अज्ञानाचें कारण शोधूं लागलों, आणि तें सांपडावयास वेळ लागला नाहीं. आमचें मूळ गांव संगमेश्वराच्या बाजूस. आणि आजवर कोंकणांत गेलों ते रात्रीं. पश्चिम उपनगरांतील माणसानें कोंकणची गाडी गांठावयाची म्हणजे बोचकीं, पिशव्या, मुलेंबाळें घेऊन लोकलनें दादर गांठावें, नाहीं तर ठाणें किंवा पनवेल गांठावें, आणि गौरीगणपतीच्या दिवसांत तर दारांत पाय ठेवावयास मिळाला तरी धन्यता मानावी, असा शिरस्ता. एकदां जागा मिळाली कीं डोळे मिटावयाचे, ते उतरावयाचें स्टेशन येईपर्यंत. बोगद्यांत आणि बाहेर अंधार सारखाच. मग मोजावें कोणीं?

सुदैवानें हा शिरस्ता मोडण्याची संधि लवकरच आली. २९ ऑगस्ट २०२४ रोजीं वांद्रें ते मडगांव अशा नव्या गाडीचा प्रारंभ बोरिवली स्टेशनावरून करण्यांत आला. उपनगरांतील कोंकणवासीयांची ही फार दिवसांची मागणी होती. गाडी आठवड्यांतून दोनच दिवस जाते. पण ती सकाळीं निघते आणि सारा दिवस कोंकणांतून चालते, हा आमच्या दृष्टीनें तिचा सर्वांत मोठा गुण. २०२५ सालच्या श्रावणांत पुतण्या सहकुटुंब घरीं आला, तेव्हां आम्हीं त्याच गाडीचीं तिकिटें काढिलीं. बुधवारीं निघून रत्नागिरीस उतरावें, दोन दिवस तेथें राहावें, आणि शुक्रवारीं त्याच गाडीनें पुढें मडगांवास जावें, असा बेत ठरला. सौभाग्यवतींनीं तिखटमिठाच्या पुऱ्या, दहींभात आणि खोबऱ्याची चटणी असा फराळ बरोबर घेतला. नातीनें एक कोरी वही घेतली, आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'बोगदे' असें लिहिलें.

या गाडीची पहिली मौज वसईस आहे. बोरिवलीहून गाडी उत्तरेस जाते. परंतु वसईहून भिवंडी-पनवेलकडे जाणारा रस्ता असा वळलेला आहे कीं, आपल्या गाडीस तोंड फिरविल्यावांचून त्यावर जातां येत नाहीं. म्हणून इंजिन एका टोकाचें सोडवून दुसऱ्या टोकास जोडितात. त्यांत बराच वेळ जातो, आणि पुढें तोंड करून बसलेलीं सारीं माणसें एकाएकीं पाठमोरीं प्रवास करूं लागतात. हा खोळंबा टळावा म्हणून नायगांव ते जूचंद्र असा जोडमार्ग मंजूर झालेला आहे. नातीस मात्र ही उलटापालट फारच आवडली.

पनवेल, पेण, नागोठणें करीत गाडी रोह्यास आली. येथपर्यंतचे रूळ १९८६ सालींच पोहोंचले होते. खरी कोंकण रेल्वे येथून पुढें. कोंकणांत आगगाडी व्हावी ही मागणी कित्येक पिढ्यांची. आगगाडी नव्हती तेव्हां कोंकणचा माणूस बोटीनें जाई, आणि ती वाट किती जोखमीची होती हें १७ जुलै १९४७ रोजीं रेवसला निघालेली 'रामदास' बोट सहाशेंहून अधिक माणसांसह बुडाली तेव्हां साऱ्या मुंबईनें पाहिलें. पुढें राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनीं आणि त्यांच्यामागून त्याच मतदारसंघाचे प्राध्यापक मधु दंडवते यांनीं हा प्रश्न लोकसभेंत सतत लावून धरिला. १९९० सालीं दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असतांना कोंकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली आणि ई. श्रीधरन यांच्याकडे त्याची धुरा देण्यांत आली. भांडवलांत केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या चार राज्यांनीं वांटा उचलला, आणि कर्जरोखे काढून लोकांकडूनही पैसा उभा केला. २६ जानेवारी १९९८ रोजीं रोह्यापासून मंगळूरच्या सीमेपर्यंत संपूर्ण मार्गावर गाडी धांवली. नॉर्वेकरांस पंधरा वर्षें लागलीं. येथें आठ वर्षांच्या आंत काम पुरें झालें. अर्थात् त्यांच्याजवळ आजचीं यंत्रें नव्हतीं आणि आमच्याकडे त्यांचें बर्फ नव्हतें, हें तुलना करितांना विसरतां कामा नये.

"आतां सांगा आजोबा, किती?" नातीनें वही उघडली.

या वेळीं आम्ही पाठ करून गेलों होतों. "संपूर्ण मार्ग सुमारें ७४० किलोमीटर, बोगदे नव्वदांहून अधिक, लहानमोठे पूल सुमारें दोन हजार."

"इतके कां?"

हा प्रश्न पहिल्याहून अधिक चांगला होता, आणि त्याचें उत्तर खिडकीबाहेरच होतें. सह्याद्रि उत्तर-दक्षिण पसरलेला. त्यांतून निघणाऱ्या नद्या पश्चिमेस समुद्राकडे धांवतात. आणि दर दोन नद्यांमध्यें सह्याद्रीचा एकेक फांटा आडवा उतरलेला आहे. आगगाडीस मात्र उत्तरेकडून दक्षिणेस जावयाचें आहे. म्हणजे ती प्रत्येक नदीस आणि प्रत्येक फांट्यास आडवीच भेटणार. नदी आली कीं पूल, फांटा आला कीं बोगदा किंवा खोल चर. कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री अशी नद्यांची नामावळि नातीनें वहींत उतरवून घेतली. कोंकणची गाडी म्हणजे समुद्रकाठची गाडी असा पुष्कळांचा समज असतो. परंतु बोरिवलीपासून रत्नागिरीपर्यंत सागराचें दर्शन होत नाहीं. भेटतात त्या नद्या आणि भरतीचें पाणी आंत घेणाऱ्या खाड्या. "हे तुमचे फ्योर्ड," नात म्हणाली. फरक एवढाच कीं, त्यांचे फ्योर्ड बर्फाच्या नद्यांनीं डोंगर कापून केलेले, आणि आमच्या खाड्या म्हणजे नद्यांचीं मुखें समुद्रानें आपल्या पोटांत घेतलेलीं. हें सांगतांना आम्हांस पुन्हां वर्गांत उभें राहिल्यासारखें वाटलें.

कोलाडजवळ एक विलक्षण देखावा दिसला. उघड्या वाघिणींवर मालानें भरलेले ट्रक ओळीनें चढविलेले, आणि त्यांचे चालक आपापल्या ट्रकांत स्वस्थ बसलेले! घाटरस्त्याचा त्रास आणि तेलाचा खर्च वांचावा म्हणून ही सोय कोंकण रेल्वेनें १९९९ सालीं सुरू केली.

खेडच्या अलीकडे चार किलोमीटरांहून लांब असा नातूवाडीचा बोगदा लागतो, तेथून पाऊसही लागला, आणि गाडीची चाल मंदावली. पावसाळ्यांत या मार्गाचें वेळापत्रकच निराळें असतें, आणि त्यामागें दुःखद इतिहास आहे. २२ जून २००३ च्या रात्रीं वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढच्याच वर्षीं जून महिन्यांत करंजाडीजवळ पुलापाशीं दुसरी गाडी कोसळली. तेव्हांपासून दरडी जाळ्यांनीं बांधणें, पावसांत गाड्यांचा वेग कमी ठेवणें, आणि रात्रंदिवस रुळांवरून पायीं गस्त घालणें यांवर भर देण्यांत आला. एका वळणावर कांबळ्याऐवजीं रबरी अंगरखा घातलेला, हातांत निशाण धरलेला असा एक गस्तवाला पावसांत उभा असलेला आम्हांस दिसला. गाडी उशिरा जाते म्हणून डब्यांत कुरकूर चालली होती, त्याला पाहतांच सौभाग्यवती म्हणाल्या, "उशीर होऊं दे बापडा. तो उभा आहे म्हणून आपण बसलों आहों."

चिपळूणास वाशिष्ठी दुथडी भरून वाहत होती. २२ जुलै २०२१ रोजीं याच नदीनें चिपळूण शहर बुडविलें होतें, त्याची आठवण डब्यांतील एकानें काढिली. परशुरामाचें स्थान येथून जवळच. त्यानें बाण मारून समुद्र मागें हटविला आणि ही भूमि निर्माण केली, ही कथा आम्हीं नातीस सांगितली. ती क्षणभर विचार करून म्हणाली, "मग बोगदे पण त्यांनींच करून ठेवायचे ना!" डब्यांतील मंडळी हंसलीं.

संगमेश्वर आलें. आमचें गांव येथून आंत. तेथील घर आतां वर्षांतून पांचच दिवस उघडतें. एरवीं शेजारी तुळशीस पाणी घालतात. आमच्या आजोबांच्या काळीं आगगाडी आली असती तर बिऱ्हाड मुंबईस हललें असतें किंवा नाहीं, हें कोण सांगणार? गाडी आली तेव्हां घरांतील माणसें गिरगांव सोडून बोरिवलीस पोहोंचलीं होतीं. आम्ही दोघेही खिडकींतून त्या बाजूस पाहत राहिलों, आणि कोणीच कांहीं बोललों नाहीं.

उक्षी स्टेशनाजवळ रुळांच्या अगदीं शेजारीं रानपाटचा धबधबा कोसळत होता. नॉर्वेंत गाडी धबधब्यासाठीं थांबते. येथें ती थांबली नाहीं, तरी सारा डबा उठून खिडक्यांपाशीं गोळा झाला. त्यानंतर लागला तो करबुड्याचा बोगदा. त्याची लांबी साडेसहा किलोमीटर. २०१३ सालीं काश्मीरच्या मार्गावर पीर पंजाळचा अकरा किलोमीटरांहून लांब बोगदा सुरू होईपर्यंत आपल्या देशांतील सर्वांत लांब आगगाडीचा बोगदा हाच होता. पुतण्यानें घड्याळ लावलें. कित्येक मिनिटें गाडी डोंगराच्या पोटांतून चालली होती. या मार्गावरील काळा पाषाण फोडण्यासाठीं पाण्याच्या नव्हे तर तेलाच्या दाबावर चालणारीं यंत्रें स्वीडनहून आणलेलीं होतीं, असें आम्हीं सांगतांच नात टाळी वाजवून म्हणाली, "स्वीडन तर आमच्या शेजारीं!" ज्या देशांतून ती आली होती त्याच्या शेजारच्या देशाचीं यंत्रें तिच्या पणजोबांच्या डोंगरांत चाललीं होतीं, याचें तिला मोठें कौतुक वाटलें.

रत्नागिरीस उतरलों. येथें लोकमान्यांचें जन्मस्थान आहे, ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा आहे, आणि तीं दोन्ही आम्हीं दुसऱ्या दिवशीं पाहिलीं. परंतु ज्यासाठीं आम्ही मुद्दाम प्रवास मोडला होता तें स्थळ कोंकण रेल्वेचेंच होतें. या मार्गाच्या बांधणींत ७४ माणसें कामीं आलीं. त्यांच्या स्मरणार्थ रत्नागिरीस 'श्रमशक्ति' नांवाचें स्मारक उभारलेलें आहे. वीस वर्षें आम्ही या स्टेशनावरून गेलों. स्मारक आहे हेंच ठाऊक नव्हतें. पाऊस भुरभुरत होता. नातीनें चपला काढल्या. तिला तसें करावयास कोणीं सांगितलें नव्हतें. मग तिनें हळूच विचारिलें, "आजोबा, यांतल्या एकाचें तरी नांव तुम्हांला माहीत आहे?"

नव्हतें. या वेळीं 'पुष्कळ' म्हणून सुटण्याचीही सोय नव्हती. श्रीधरन यांचें नांव आम्हांस ठाऊक, दंडवत्यांचें ठाऊक, पहिल्या गाडीची तारीख आम्हीं पाठ केलेली. परंतु ज्यांच्या पाठीवरून आमची गाडी जाते त्यांपैकीं एकाचेंही नांव आम्हांस सांगतां येईना. पितृपक्षांत आपण ज्यांचीं नांवें विस्मृतींत गेलीं त्यांनाही तिलांजलि देतों. त्या दिवशीं पाऊसच होता. आम्ही हात जोडून उभे राहिलों.

शुक्रवारीं पुढें निघालों. रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळांत पानवल नदीचा पूल येतो. खालच्या दरीपासून त्याची उंची ६४ मीटर, म्हणजे कुतुबमिनारास थोडीच कमी. पुलावर गाडी गेली तेव्हां खालीं माडांचे शेंडे आणि भाताचीं खाचरें पटावरील चित्रासारखीं दिसत होतीं. सौभाग्यवतींनीं डोळे मिटून घेतले. नातीनें अर्थातच मिटले नाहींत. राजापूर, वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशीं स्टेशनें मागें पडलीं. जांभ्या दगडाचे तांबडे चर, त्यांवरून ओघळणारें तांबडें पाणी, आणि मध्येंच शेवाळलेलीं कौलारू घरें असा देखावा दिवसभर चालला होता.

गोव्याच्या हद्दींत शिरतांना पेडण्याचा बोगदा लागतो. तो लांबीनें मोठा नाहीं. परंतु सबंध मार्गास सर्वांत अधिक छळलें तें यानें आणि याच्यासारख्या इतर बोगद्यांनीं. कारण येथें खडक नाहीं. पाण्यानें भिजलेली मऊ माती आहे. पाषाण यंत्रानें फोडतां येतो आणि फोडल्यावर जागचा हलत नाहीं; ही माती खोदावी तों पुन्हां ढासळे. येथें यंत्रें हरलीं, आणि माणसांस हातांनीं इंच इंच पुढें जावें लागलें. कित्येकांचे प्राण अशा मातीखालींच गेले. कठीणापेक्षां मऊ अधिक घातक ठरतें, हें व्यवहारांत आम्हीं अनेकदां पाहिलें होतें. भूगर्भांतही तसेंच असतें हें येथें कळलें. पेडण्याच्या अंधारांत गाडी शिरली तेव्हां आमच्या डब्यांत कोणी बोललें नाहीं. बाहेर आलों तों संध्याकाळ झाली होती. मांडवी आणि झुआरी या दोन रुंद नद्या ओलांडून रात्रीं मडगांवास पोहोंचलों.

नातीच्या वहींतील बोगद्यांची संख्या आणि पुस्तकांतील संख्या अर्थातच जुळली नाहीं. दहींभात खाल्ल्यावर तिला जी डुलकी लागली तिच्यांत कांहीं बोगदे निसटले. "पुढच्या वर्षीं राहिलेले मोजीन," असें ती म्हणाली. आम्हांस तिच्या संख्येपेक्षां वहीचें शेवटचें पान मोलाचें वाटलें. तेथें तिनें ७४ हा आंकडा लिहून त्यापुढें चौऱ्याहत्तर रेघा मारून जागा रिकामी सोडली आहे. हीं नांवें मिळवून देण्याचें काम तिनें आमच्यावर सोंपविलें आहे, आणि आम्हीं तें पत्करलें आहे. मिळालीं तितकीं मिळालीं. पण आजन्म दुसऱ्यांच्या मुलांस गृहपाठ दिल्यावर आपल्या नातीनें दिलेला गृहपाठ टाळणें बरें नव्हे.

शेवटीं आमच्या वाचकांस दोन सूचना. ज्या घरांतून उन्हाळ्याच्या सुटींत स्वित्झर्लंड, नॉर्वे अशा प्रवासाचे बेत चालतात, त्यांनीं ते अवश्य करावेत. देशाटनानें दृष्टि येते हें खोटें नाहीं. परंतु ती दृष्टि घरीं आणून वापरावी. कोंकणांत एकदां तरी दिवसाच्या गाडीनें जावें. जातांना सह्याद्रि डाव्या हातास येतो, तेव्हां मुलांस त्या बाजूच्या खिडकीशीं बसवावें, आणि नद्यांचीं नांवें त्यांच्याकडून लिहवून घ्यावींत. पावसाळ्यांत जाणार असाल तर उशीर गृहीत धरावा आणि गस्तवाल्यास मनांतून नमस्कार करावा. आणि रत्नागिरीस वेळ असेल तर गणपतीपुळ्यास जाण्यापूर्वीं अर्धा तास त्या स्मारकापाशीं थांबावें. मुलें तेथें काय विचारतील याची मात्र तयारी ठेवावी.